आयर्लंडच्या मतदानाला दहा वर्षं, आणि आमच्या घरची लग्नपत्रिका

लिफीकाठची | २३ मे २०२५, रात्री ११.४०

काल २२ तारीख होती. दहा वर्षांपूर्वी ह्याच दिवशी आयर्लंडमध्ये समलिंगी विवाहावर सार्वमत झालं. मी २००८पासून डब्लिनमध्ये आहे, त्यामुळे ते सगळं अगदी दारात उभं राहून पाहिलंय. लिहायचं मात्र राहूनच गेलं होतं.

आज लिहायला बसले त्याचं कारण घरचं आहे. कोल्हापूरला चुलतबहिणीचं लग्न ठरलंय आणि पत्रिकेचा मसुदा व्हॉट्सॲपवर आला. ‘आपले विनीत’मध्ये झाडून सगळ्या भावांची नावं जोडीने आहेत. माझ्या सख्ख्या भावाचं तेवढं एकट्याचं. तो आणि त्याचा जोडीदार नऊ वर्षं पुण्यात एकत्र राहतात. बाबांच्या बायपासच्या वेळी भाऊ कामासाठी बंगलोरला अडकला होता, तेव्हा अकरा रात्री दवाखान्यातल्या बाकावर हा मुलगा झोपला. त्याच्या पासवर नात्याच्या रकान्यात ‘मित्र’ लिहिलं होतं. बाबा त्याला ‘आमच्या पोराचा रूम पार्टनर’ म्हणतात, आणि मायेने म्हणतात. पत्रिकेत त्याला जागा नाही.

आता आयर्लंडचं सांगते. आपल्याकडे ‘युरोप आहे, तिकडे चालतं’ असं पटकन म्हटलं जातं, म्हणून थोडं मागून. हा देश कट्टर कॅथलिक. गर्भनिरोधकं, घटस्फोट, प्रत्येक गोष्टीवर चर्चचा शब्द शेवटचा. घटस्फोटाला परवानगी १९९५च्या सार्वमताने मिळाली, तीही जेमतेम नऊ हजार मतांच्या फरकाने. समलैंगिक संबंध १९९३पर्यंत गुन्हा होते. तो कायदा ब्रिटिशांचा, १८६१चा. आपलं ३७७ कलम १८६०च्या दंडसंहितेतलं. एकाच राज्यकर्त्याने वर्षभराच्या अंतराने दोन गुलाम देशांना घातलेल्या ह्या बेड्या आहेत. त्यांची १९९३ला तुटली, आपली ६ सप्टेंबर २०१८ला.

लग्नाची मागणी तिथेही आधी कोर्टातच गेली. कॅथरिन झॅपोन आणि ॲन लुईस गिलिगन ह्या दोघींनी २००३मध्ये कॅनडात लग्न केलं होतं. आयर्लंडच्या करखात्याने आपल्याला जोडपं मानावं म्हणून त्या हायकोर्टात गेल्या आणि २००६मध्ये हरल्या. मग २०१०मध्ये संसदेने ‘नागरी भागीदारी’चा, म्हणजे लग्न न म्हणता जोडप्याच्या नात्याची नोंद करायचा, कायदा केला. लग्नासाठी मात्र राज्यघटना बदलायची, आणि तिथे घटना बदलायला सार्वमत घ्यावंच लागतं.

त्याआधी सरकारने एक गोष्ट केली, ती मला फार महत्त्वाची वाटते. शंभर जणांची घटना परिषद नेमली. एक अध्यक्ष, ३३ राजकारणी आणि ६६ साधे नागरिक, चिठ्ठ्या टाकून काढावेत तसे निवडलेले. त्यांनी शनिवार-रविवार बसून दोन्ही बाजू ऐकल्या आणि एप्रिल २०१३मध्ये ७९ टक्क्यांनी ‘हो’ म्हटलं. तोवर ‘हे शहरी लोकांचं खूळ’ म्हणणाऱ्यांना पहिल्यांदाच उत्तर मिळालं, कारण त्या ६६ जणांत कुणी मुद्दाम निवडून आणलेलं नव्हतं.

मग दारोदार. मला नागरिकत्व नव्हतं, त्यामुळे मत नव्हतं. पण पत्रकं वाटायला कुणी अडवलं नाही. स्वयंसेवकांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितलेली: वाद घालू नका, तुमची गोष्ट सांगा. आमच्या शेजारच्या आजी रोज सकाळी चर्चला जायच्या. त्यांच्या दारात पंचविशीतला एक मुलगा उभा राहिला, हातात कागद, आवाज कापतोय. म्हणाला, “माझी आजी तुमच्याच वयाची आहे, तिला अजून सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून आधी तुम्हाला सांगतोय.” आजींनी त्याला आत घेतलं, चहा दिला. त्यांचा भाचा १९८३ साली लंडनला गेला होता आणि स्वतःच्या आईच्या मातीलाही परतला नव्हता. का, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. हे त्यांनी त्या परक्या मुलाला सांगितलं. मी तिथे होते.

निकाल ६२.०७ टक्के. ४३ मतदारसंघांपैकी फक्त एकाने, रॉसकॉमन–साउथ लीट्रिमने, ‘नाही’ म्हटलं. परदेशी गेलेली तरुण पोरं मत द्यायला विमानं आणि बोटी भरभरून परत आली, कारण बाहेर राहून मत देता येत नाही. डब्लिन कॅसलच्या अंगणात निकाल ऐकताना मी भावाला फोन लावला होता. त्याने तेव्हा मला काहीच सांगितलेलं नव्हतं. नुसता गोंगाट ऐकत राहिला. दोन वर्षांनी म्हणाला, “ताई, त्या फोनमुळे सांगितलं.”

माझं म्हणणं एवढंच. आपल्याकडे लढाई कोर्टात झाली, घरांत झालीच नाही. दारं वाजवायचं काम मराठीत कुणी करणार आहे का?

मालवणी_गजाली | २४ मे, सकाळी ७.१५

धागा आवडला. आयर्लंड म्हटलं की आम्हाला लिओ वराडकर. वडील डॉ. अशोक वराडकर मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. जानेवारी २०१५मध्ये, सार्वमताच्या चार महिने आधी, आरोग्यमंत्री असताना त्याने रेडिओवर स्वतःबद्दल सांगितलं. २०१७मध्ये पंतप्रधान झाला आणि डिसेंबर २०१९मध्ये गावात आला.

मी त्या दिवशी वराडात होतो. तो समलैंगिक आहे हे मराठी पेपरांतून दोन वर्षं छापून आलेलं, कुणाला माहीत नव्हतं असं नाही. गावाने हार घातले, औक्षण केलं. म्हातारी माणसं म्हणत होती, “आमचो झील इलो!” (आमचा मुलगा आला!) मला तेव्हापासून एक प्रश्न पडलाय. हाच झील वराडातच वाढला असता आणि मालवणच्या बाजारपेठेत दुकान चालवत असता, तर?

सातारी_माणूस | २४ मे, सकाळी ९.०२

मी विरोधात आहे आणि ते सरळ लिहितो. ताई, तुमच्या भावाबद्दल मनात काही वाईट नाही. कोण कुणासोबत राहतं ह्यात सरकारने पडू नये, ३७७ गेलं ते योग्यच झालं. पण लग्न ही दोघांपुरती गोष्ट नाही. कुळ, मूल, दोन्हीकडचे पाहुणे, जमिनीचा सातबारा, हे सगळं त्यात येतं. हजारो वर्षांचा संस्कार सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एका निकालात बदलावा हे मला पटत नव्हतं, आणि न्यायालयानेही ते केलं नाही. आयर्लंडने लोकांना विचारलं, ह्याबद्दल त्यांचा आदर वाटतो. आपल्याकडे विचारा. उत्तर काय येईल ते तुम्हालाही माहीत आहे.

कबीर_ठाणे | २४ मे, दुपारी १.३०

लिफीकाठची, तुझ्या भावासाठी वाईट वाटलं. पण तुझ्या शेवटच्या ओळीने माझ्या पोटात खड्डा पडला.

मी ४१ वर्षांचा आहे. आम्ही दोघं अकरा वर्षं ठाण्यात एकत्र राहतो. आमच्या इमारतीत ८४ दारं आहेत. माझ्या बहिणीने लग्न केलं तेव्हा तिने ह्यातलं एकही वाजवलं नाही. मी का वाजवायचं? तो पंचविशीचा मुलगा आवाज कापत परक्या बाईसमोर उभा राहिला, ते वाचून तुम्हाला गहिवरून आलं. मला त्याची दया आली. त्याला ज्या दारातून शिव्या घालून हाकललं असेल ते दार कुणी लिहीत नाही.

आणि सातारी दादा, लोकांना विचारायचं म्हणता. तुमच्यापासून जवळच, कोल्हापूर संस्थानात, शाहू महाराजांनी १९१९ साली आंतरजातीय लग्नाला कायद्याने मान्यता दिली. मतदान घेतलं असतं तर काय उत्तर आलं असतं? सत्यशोधक लग्नं १८७३पासून लागायला लागली, पुरोहिताशिवाय. त्यावरून लोकांना कोर्टाची पायरी चढावी लागली. संस्कार तेव्हाही हजारो वर्षांचाच होता.

तैवानहून | २४ मे, संध्याकाळी ६.१०

कबीरच्या मुद्द्याला जोडून. मी तैवानमधल्या शिंचूला असतो. इथे उलटं घडलं. चि चिया-वेइ ह्या कार्यकर्त्याने ऐंशीच्या दशकापासून एकट्याने ही मागणी लावून धरली होती. २४ मे २०१७ला, म्हणजे आजच्याच तारखेला, घटनापीठाने सांगितलं की समलिंगी जोडप्यांना लग्नापासून दूर ठेवणं घटनाबाह्य आहे, आणि संसदेला दोन वर्षांची मुदत दिली. विरोधकांनी नोव्हेंबर २०१८मध्ये सार्वमत घडवून आणलं आणि मोठ्या फरकाने जिंकलं. माझ्या प्रयोगशाळेतली एक मुलगी दुसऱ्या दिवशी कामावरच आली नाही.

तरी १७ मे २०१९ला संसदेने कायदा केला. सार्वमताचा मान राखायचा म्हणून मूळ नागरी कायद्यात हात न घालता वेगळा कायदा. घटनापीठाचाही मान राखायचा म्हणून त्यात लग्नाची नोंदणी. बाहेर धो धो पाऊस होता आणि रस्त्यावर हजारो लोक छत्र्या घेऊन उभे होते. न्यायालयाने मुदत घातली नसती तर हे झालं नसतं, ह्याबद्दल मला शंका नाही.

ॲड_शर्वरी | २४ मे, रात्री १०.२०

पुण्यात वकिली करते. चर्चेत आपल्या निकालाबद्दल अर्धवट माहिती येतेय म्हणून लिहिते.

समलिंगी विवाहाला मान्यता मागणारा सर्वोच्च न्यायालयातला खटला म्हणजे सुप्रियो विरुद्ध भारत सरकार, निकाल १७ ऑक्टोबर २०२३. एप्रिल-मे महिन्यांत दहा दिवस सुनावणी झाली होती. मागणी मुख्यतः १९५४च्या विशेष विवाह कायद्यापुरती होती. सप्तपदी, निकाह ह्यांना कुणी हात लावायला सांगितलं नव्हतं. सातारी दादा, हे कृपया लक्षात घ्या. रजिस्ट्रारसमोर होणाऱ्या लग्नाचा प्रश्न होता. सरकारने प्रतिज्ञापत्रात पती, पत्नी आणि मुलं ही भारतीय कुटुंबाची कल्पना मांडली आणि नंतरच्या अर्जात ह्या मागणीला शहरी उच्चभ्रूंचं मत म्हटलं. केंद्राने राज्यांचीही मतं मागवली होती. राजस्थान, आंध्र आणि आसामने विरोध केला. महाराष्ट्राने व्यापक चर्चा हवी, वेळ हवा असं कळवलं. ती व्यापक चर्चा आपल्या राज्यात त्यानंतर कुठे झाली, मला दाखवा.

पाचही न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की विवाह हा मूलभूत अधिकार घटनेत नाही. जोडप्यांच्या नात्याला कायदेशीर मान्यता आणि दत्तक ह्यांवर ३ विरुद्ध २ अशी फूट पडली. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल अल्पमतात राहिले. पुनर्विचार याचिका ह्या जानेवारीत फेटाळल्या गेल्या. म्हणजे आता चेंडू संसदेच्या अंगणात.

संसदेत काय झालं? एप्रिल २०२२मध्ये बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे ह्यांनी विशेष विवाह कायद्यात बदल सुचवणारं खासगी विधेयक, म्हणजे सरकारतर्फे नव्हे तर खासदार म्हणून स्वतः, मांडलं होतं. १९७०नंतर एकही खासगी विधेयक संसदेत मंजूर झालेलं नाही. ती लोकसभा २०२४मध्ये संपली, त्याबरोबर हेही संपलं. तैवानसारखी मुदत आपल्या न्यायालयाने घातली नाही. कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली जाईल हे सरकारचं आश्वासन नोंदवून घेतलं, एवढंच.

समिती एप्रिल २०२४मध्ये नेमली गेली. त्यातून शिधापत्रिकेसाठी जोडीदारांना एकाच घरातलं धरावं, संयुक्त बँक खातं आणि त्यावर जोडीदाराचं नामनिर्देशन ह्यांना आडकाठी नाही, जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावं, अशी पत्रं निघाली. जिवंतपणी एकत्र रेशन आणि मेल्यावर देह. मधल्या आयुष्याचं काय?

सातारी_माणूस | २५ मे, सकाळी ८.४०

विशेष विवाह कायद्याचा मुद्दा मला माहीत नव्हता, मान्य करतो. अकरा रात्री बाकावर झोपलेल्या मुलाचंही डोक्यातून गेलं नाही. माझ्या वडिलांच्या वेळी सख्खे पुतणे दोन रात्रींत कंटाळले होते.

पण मग लग्न हाच शब्द का हवा? आयर्लंडने २०१०मध्ये नागरी भागीदारी दिली होती ना? तसा वेगळा कायदा करा. दवाखाना, घर, पेन्शन सगळं द्या. माझ्यासारखे अनेक जण त्याला विरोध करणार नाहीत.

लिफीकाठची | २५ मे, दुपारी ३.१५

दादा, प्रश्न मनापासून विचारलात म्हणून नीट उत्तर देते. आयर्लंडच्या घटनेत ‘कुटुंब’ला खास संरक्षण आहे, आणि ते कुटुंब विवाहावर उभं राहिलेलं असावं लागतं. नागरी भागीदारीतले दोघं त्यात बसतच नव्हते. एकीच्या पोटी जन्मलेलं मूल दुसरीचं कायद्याने कुणीच नव्हतं. शाळेच्या फॉर्मपासून ऑपरेशनच्या सहीपर्यंत. विरोधकांनी खांबाखांबावर फलकही मुलांचेच लावले होते, आई आणि बाप दोन्ही हवेत म्हणून. सरकारने मतदानाआधीच, एप्रिल २०१५मध्ये, मुलांच्या पालकत्वाचा आणि दत्तकाचा कायदा स्वतंत्र मंजूर करून घेतला होता. त्यामुळे मतदानात प्रश्न राहिला तो मोठ्या माणसांच्या लग्नाचा. घटनेत गेलेलं वाक्यही साधं आहे: लिंगाचा भेद न करता दोन व्यक्ती कायद्यानुसार विवाह करू शकतील.

कबीर, तुझं वाचून रात्रभर विचार केला. तू म्हणतोस ते खरं आहे. हाकलणारी दारंही मी पाहिली. एका मुलीच्या अंगावर कुत्रं सोडलं होतं. ते मी लिहायला हवं होतं. तुझ्याकडून दारं वाजवायची अपेक्षा करणं चूक. मी, माझी आई, माझे काका, आम्ही वाजवायची आहेत.

अबोली_सांगली | २६ मे, सकाळी ६.०५

नमस्कार. मी इथे वाचते, लिहीत नाही. वय ६७, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. माझी मुलगी आणि तिची मैत्रीण मुंबईत राहतात. जोडीदार म्हणायला मला अजून जमत नाही, पण तिला मी हळदीकुंकवाला माझ्या शेजारी बसवते.

मला कायदा कळत नाही. मला एवढंच विचारायचंय की माझ्या नावावरची दोन खोल्यांची जागा त्या दोघींना कशी देऊ? आज मुलीला दिली आणि उद्या तिचं काही बरंवाईट झालं, तर माझे दीर-पुतणे त्या पोरीला बाहेर काढतील. मी त्यांना ओळखते.

ॲड_शर्वरी | २६ मे, सकाळी ११.३०

काकू, तुमच्या एका प्रश्नात अख्खा विषय आला.

महाराष्ट्रात राहतं घर नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं ह्यांना बक्षीसपत्राने दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये. तुमच्या मुलीने उद्या तिच्या जोडीदाराला दिलं तर ती कायद्याने परकी, म्हणजे खरेदीखतासारखं पूर्ण शुल्क. शिवाय नातेवाईक नसलेल्याकडून ५० हजारांवरची भेट मिळाली की त्यावर आयकर. नवरा-बायकोत तो नाही. लग्न हाच शब्द का हवा, ह्याचं उत्तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात मिळतं.

तुम्ही मृत्युपत्र करा, त्यात दोघींची नावं आणि हिस्से स्पष्ट लिहा. मुलीनेही स्वतःचं करावं आणि तिच्या मैत्रिणीनेही. नुसतं नॉमिनी लावून थांबू नका. नॉमिनी हा सांभाळणारा, मालक वारसच. मुखत्यारपत्रावरही विसंबू नका, कारण करून देणारी व्यक्ती भान गमावते त्याच क्षणी ते निकामी होतं, आणि नेमकी तेव्हाच गरज असते.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. साधा कागद चालतो, नोंदणी सक्तीची नाही पण जरूर करा. दोन साक्षीदार हवेत, आणि ज्याला त्यातून काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. तुमचं वय पाहता त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा.

मालवणी_गजाली | २६ मे, दुपारी १२.१०

हा प्रतिसाद छापून ठेवतोय. माझ्या एका मित्राला हवा आहे.

ॲड_शर्वरी | ५ जून, रात्री ९.००

धागा वर काढतेय. मद्रास उच्च न्यायालयाचा एक निकाल आलाय, योगायोगाने तारीख २२ मेच. दोन मुलींचं प्रकरण. एकीला घरच्यांनी डांबून ठेवलं होतं, दुसरीने तिला कोर्टासमोर हजर करा म्हणून अर्ज केला. न्यायालयाने तिला मोकळं केलं आणि म्हटलं की कुटुंब उभं करण्याचा विवाह हा एकमेव मार्ग नाही, माणसं आपलं कुटुंब निवडू शकतात. सुप्रियो निकालाच्या चौकटीत राहून जेवढी जागा होती, ती ह्या खंडपीठाने वापरली.

लिफीकाठची | ७ जून, दुपारी २.४५

पत्रिका छापून आली. भावाच्या जोडीदाराचं नाव नाही. आईने काकांशी बोलायचा प्रयत्न केला. मुलाकडच्यांना काय वाटेल म्हणून त्यांनी ऐकलं नाही. मग आईने भावाचंही नाव काढायला लावलं आणि स्वतःचंही. काकू रडल्या, काका अजून बोलत नाहीत. आम्ही लग्नाला सगळे जाणार आहोत, भावाचा जोडीदारही येणार आहे. आईने त्याच्यासाठी फेटा सांगितलाय.

कबीर_ठाणे | ८ जून, रात्री ८.२०

ताई, तुझ्या आईला नमस्कार सांग.

आम्ही दोघांची मृत्युपत्रं केली. एक साक्षीदार ऑफिसातला मित्र होता, दुसरा हवा होता. शेवटी दार वाजवावंच लागलं. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी “घरी विचारून सांगतो” म्हटलं, त्याला आठ दिवस झाले. मग समोरच्या जोशीकाकांकडे गेलो. अकरा वर्षांत त्यांच्याशी पाण्याच्या टाकीपलीकडे बोललो नव्हतो. कागद हातात घेऊन ते आत चष्मा आणायला गेले. पूर्ण वाचलं. मग विचारलं, “दोन्हीवर सही हवी ना? एकाचंच नको करू, दुसऱ्यालाही बोलाव.”